ॲपल पाय: कच्चा तळ, पातळ सारण आणि पोकळ झाकण कसं टाळायचं

माझ्या सासरी, अमेरिकेत ओहायोत, ॲपल पायची (मैद्याच्या दोन पाऱ्यांमध्ये सफरचंदाचं सारण भरून ओव्हनमध्ये बेक केलेल्या पदार्थाची) पाककृती एका पिवळ्या पडलेल्या कार्डावर आहे. आजेसासूबाईंच्या अक्षरातली. मजकूर एवढाच: दोन कप मैदा, पाऊण कप लार्ड, मीठ, बर्फाचं पाणी. सहा आंबट सफरचंदं, एक कप साखर, दालचिनी, वर लोण्याचे तुकडे. कडक ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं, मग मध्यम ओव्हनमध्ये होईपर्यंत.

कार्डाचा फोटो मागेल त्याला मी पाठवते आणि आठवडाभरात उलट फोटो येतात. खालची पारी ओली, पांढरट. सुरी लावताच सारणातून पाण्याचा ओघळ. किंवा वरचं झाकण छान फुगलेलं आणि त्याच्याखाली दोन बोटं पोकळी. गंमत म्हणजे नवख्यांचा पाय बऱ्यापैकी जमतो, बिघडतो तो सुगरणींचा. पारी आणि सारण म्हटलं की त्यांचे हात करंजीच्या वाटेने जातात: मोहन कडकडीत, पीठ मळून मऊसूत, पदार्थ गरमागरम पानात. पायमध्ये यातलं एकही चालत नाही.

म्हणून कार्डावर जे लिहिलेलं नाही ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम बदलू नका. निम्म्या चुका क्रम बदलल्यामुळेच होतात.

## आधी घड्याळ

रात्री आठला पाय कापायचा असेल तर सकाळी अकराला सुरुवात करा. पारीचं पीठ २० मिनिटांत होतं, पण ते किमान एक तास फ्रीजमध्ये राहायला हवं. त्याच वेळात सफरचंदं चिरून, शिजवून पूर्ण गार करायची. लाटणं-भरणं अर्धा तास, भरलेला पाय पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये, बेकिंग सव्वा तास आणि त्यानंतर चार तास थंड होणं. हे शेवटचे चार तास कोणी धरत नाही. पाहुणे सहाला येणार आणि पाय पाचला ओव्हनमध्ये गेला, तर तो त्या दिवशी कापू नका, दुसऱ्या दिवशी खा. नाहीतर पीठ आणि सारण दोन्ही आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा. मी बहुतेक वेळा तसंच करते.

## टप्पा १: कार्ड ग्रॅममध्ये आणा

जुन्या पाककृतीत कप म्हणजे कोणता कप, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, आपल्याला नाही. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटरचा, टेबलस्पून १५ चा, टीस्पून ५ चा. मैदा चमच्याने कपात टाकून वरून सपाट केला तर १२०-१२५ ग्रॅम भरतो. कप थेट डब्यात खुपसला तर तोच १४५-१५० पर्यंत जातो. दोन कपांमागे ५० ग्रॅमचा फरक म्हणजे पारी कडक होणारच. वजनकाटा वापरा.

लोणी "एक स्टिक" असं लिहिलं असेल तर ते ११३ ग्रॅम. कार्ड इंग्लंडहून आलं असेल तर औंस भेटतील: एक औंस सुमारे २८ ग्रॅम, आणि "गॅस मार्क ४" म्हणजे १८० अंश सेल्सिअस. आमच्या कार्डावरचा "कडक ओव्हन" म्हणजे ४०० ते ४५० फॅरनहाइट, सेल्सिअसमध्ये २०५ ते २३०. "मध्यम" म्हणजे ३५० ते ३७५ फॅरनहाइट, म्हणजे १७५ ते १९०.

आता लार्ड. ही डुकराची चरबी. आमच्याकडे वाणसामानाच्या दुकानात अजून मिळते, पण माझ्या स्वयंपाकघरात ती नसते, आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांच्याही नसेल. तिच्याऐवजी बटर घ्या, पण कपाला कप असं नको. लार्ड म्हणजे शंभर टक्के स्निग्धांश, तर बटरमध्ये तो ८० टक्क्यांच्या आसपास आणि उरलेलं बहुतेक पाणी. तेव्हा वजनाच्या सव्वापट बटर घ्यायचं आणि वरून घालायचं पाणी थोडं कमी करायचं. कार्डावर "शॉर्टनिंग" (वनस्पती तुपासारखी घट्ट चरबी) असेल तरी हाच हिशेब.

आणखी एक गोष्ट. आजेसासूबाईंचा पाय बेक करायचा डबा ८ इंची आणि उथळ आहे. आज दुकानात मिळतो तो बहुतेक ९ इंची आणि खोलगट. त्याला कार्डाचं प्रमाण पुरत नाही, मग पारी पातळ लाटली जाते आणि फाटते. म्हणून खालचं प्रमाण ९ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर, डब्यासाठी वाढवून दिलं आहे.

पारीसाठी: मैदा ३०० ग्रॅम, गार बटर २२५ ग्रॅम, साखर १ टेबलस्पून, मीठ पाऊण टीस्पून, बर्फाचं पाणी ८० ते १२० मिलिलिटर.

सारणासाठी: सफरचंदं दीड किलो (मध्यम आकाराची सात-आठ), साखर ११० ते १५० ग्रॅम, लिंबाचा रस २ टेबलस्पून, दालचिनी पूड १ टीस्पून, चिमूट जायफळ, चिमूट मीठ, कॉर्नफ्लोअर २ टेबलस्पून, वरून घालायला बटर १ टेबलस्पून.

वरून लावायला: दूध किंवा फेटलेलं अंडं, आणि चमचाभर साखर.

अमूलसारखं खारं बटर वापरत असाल तर पारीत वेगळं मीठ घालू नका.

सावध: अमेरिकेतल्या दुकानात "कॉर्न फ्लोअर" मागितलंत तर मक्याचं पीठ हातात पडेल. तिथे "कॉर्नस्टार्च" मागा. भारतात कॉर्नफ्लोअरच्या डब्यात जी पांढरी, चिमटीत करकरणारी पूड मिळते, ती हीच.

## टप्पा २: सफरचंद

"आंबट" हा कार्डावरचा शब्द वाचून सोडून दिला जातो, आणि घरात असलेली लाल, गोड सफरचंदं चिरली जातात. पायचं सफरचंद आंबट हवंच, शिवाय शिजल्यावर फोड अखंड राहायला हवी. साखर कमी करून गोडपणा सावरता येईल, पण लगदा झालेली फोड पुन्हा फोड होत नाही.

ओहायोत मी शरद ऋतूत मेलरोझ घेते. जोनाथन आणि रेड डिलिशियस यांच्या संकरातून वूस्टरच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेलं हे सफरचंद शिजूनही उभं राहतं. ते मिळालं नाही तर निम्मी ग्रॅनी स्मिथ आणि निम्मी जोनागोल्ड किंवा हनीक्रिस्प. मॅकिंटॉश मात्र नको, त्याचा सॉस होतो. तो सॉसही उत्तम लागतो म्हणा, पण पायच्या बाहेर.

पुण्या-मुंबईत हिरवं ग्रॅनी स्मिथ आयात केलेलं मिळतं. दोन तृतीयांश ते आणि एक तृतीयांश गोल्डन डिलिशियस किंवा गाला, असं मिश्रण घ्या. लाल डिलिशियस, मग ते शिमल्याचं असो की काश्मीरचं, नुसतं खायला चांगलं. पायमध्ये ते भुसभुशीत होतं आणि आंबटपणा नसल्यामुळे सपक लागतं. तेच घ्यायची वेळ आली तर हंगामातलं ताजं आणि कडक पाहून घ्या, लिंबू दुप्पट करा, साखर ९० ग्रॅमवर आणा आणि शिजवण्याचा वेळ निम्मा करा.

तपासा: खात्री नसेल तर एक फोड छोट्या कढईत झाकून मंद आचेवर आठ मिनिटं ठेवा. वाकली पण तुटली नाही, तर घ्या. चमचा लावताच पसरली, तर दुसरं सफरचंद शोधा.

## टप्पा ३: पारीचं पीठ

इथे करंजी पूर्ण विसरायची. करंजीत गरम मोहन पिठाच्या कणाकणाला लागतं, म्हणून ती खुसखुशीत होते. पायच्या पारीला पापुद्रे हवेत. ते गार बटरच्या चपट्या तुकड्यांमुळे सुटतात: ओव्हनच्या उष्णतेने तुकडा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलते. बटर आधीच वितळून पिठात जिरलं तर उचलायला काही उरत नाही.

म्हणूनच तूप चालत नाही. त्यात पाणीच नाही, पारी नानकटाईच्या अंगाने जाते. घरचं लोणीही टाळा. त्यात ताकाचा अंश किती राहिला आहे ते कळत नाही आणि पीठ अचानक चिकट होतं.

१. बटरचे दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात मुंबईसारख्या ठिकाणी मैदा आणि परातसुद्धा आत ठेवा.

२. मैदा, साखर, मीठ एकत्र करा. बटरचे तुकडे टाकून त्यांना पीठ लागू द्या. मग एकेक तुकडा अंगठा आणि बोटांमध्ये दाबून चपटा करा. चोळायचं नाही, दाबायचं. निम्मे तुकडे वाटाण्याएवढे आणि बाकीचे नखाएवढे चपटे दिसले की थांबा. पीठ रव्यासारखं दिसायला लागलं तर तुम्ही पुढे गेलात.

३. बर्फाचं पाणी आधी ८० मिलिलिटर, चमच्याचमच्याने, चहूकडे शिंपडत घाला आणि काट्याने हलवा. मूठ वळून पाहा. गोळा टिकला आणि कडेला कोरड्या भेगा राहिल्या, तर पाणी पुरेसं आहे. गोळा मुठीत फुटला तर आणखी एक चमचा. मैदा बदलला की पाण्याचं प्रमाण बदलतं, तेव्हा आकड्यापेक्षा मुठीवर विश्वास ठेवा.

४. ओट्यावर ओतून तळहाताने दोन-तीनदा दुमडून एकत्र आणा. मळू नका. पीठ ओबडधोबड दिसेल, त्यात बटरचे पिवळे ठिपके दिसतील. तसंच हवं.

५. दोन भाग करा, एक थोडा मोठा (तो खालच्या पारीचा). जाड चकत्या थापून, गुंडाळून फ्रीजमध्ये किमान एक तास ठेवा. दोन दिवसही राहतात.

सावध: पीठ मऊसूत आणि गुळगुळीत झालं म्हणजे ते मळलं गेलं. त्यातलं ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जातं, पारी लाटताना मागे ओढते, ओव्हनमध्ये डब्याच्या कडेवरून खाली सरकते आणि खाताना चिवट लागते. असं झालंच तर चकत्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, थोडं सावरतं.

## टप्पा ४: सारण आधी शिजवा

कार्डात शिजवण्याचा उल्लेख नाही, म्हणजे फोडी कच्च्याच भरायच्या. पद्धतीतला हा बदल मी मुद्दाम केला आहे, आणि सासूबाईंनी तो नाक मुरडत मान्य केला. कच्च्या फोडी ओव्हनमध्ये आकसतात. तोवर वरची पारी आपल्या जागी कडक झालेली असते, म्हणून खाली पोकळी राहते. फोडींचं सुटलेलं पाणी तळाशी जातं, म्हणून तळ कच्चा राहतो. दोन्ही दोषांचं मूळ एकच आहे, आणि ते ओव्हनच्या बाहेरच संपवता येतं.

१. सफरचंदं सोलून, गाभा काढून, साधारण ७ मिलिमीटर जाड फोडी करा. काही जाड, काही कागदासारख्या पातळ, असं नको. पातळ विरघळतात, जाड करकरीत राहतात.

२. साखर, लिंबू, मीठ, दालचिनी, जायफळ लावून अर्धा तास ठेवा. वेलदोडा घालायचा मोह होईल. चवीला वाईट नाही, फक्त मग पदार्थ वेगळा झाला.

३. रुंद कढईत रसासकट घालून झाकण ठेवा. मध्यमपेक्षा कमी आच, ८ ते १० मिनिटं, दोन-तीनदा हलक्या हाताने हलवत. सावकाश तापवण्याला कारण आहे: ६०-७० अंशांच्या आसपास फोडी काही काळ राहिल्या की त्यांतलं पेक्टिन (फळाच्या पेशी धरून ठेवणारा घटक) पक्कं होतं आणि पुढे ओव्हनमध्ये तासभर राहूनही त्या तग धरतात. मोठ्या आचेवर घाई केलीत तर हा फायदा मिळत नाही.

४. फोडी वाकतील पण मोडणार नाहीत इतपत झाल्या की चाळणीवर काढा. खाली जमलेला रस पुन्हा कढईत घालून अर्ध्या कपापेक्षा थोडा कमी, सुमारे १०० मिलिलिटर, उरेपर्यंत आटवा. हा रस फेकू नका, सगळी चव त्यात आहे.

५. फोडी ताटात पसरून आणि रस वाटीत, दोन्ही पूर्ण गार करा. मग कॉर्नफ्लोअर गार रसात कालवून फोडींना लावा. गरम रसात घातलं तर गुठळ्या होतात.

तपासा: ताटाच्या मधोमध फोडींत बोट घाला. कोमटसुद्धा लागता कामा नये. कोमट सारण पारीतलं बटर वितळवतं आणि टप्पा ३ मधली सगळी मेहनत वाया जाते. वेळ नसेल तर ताट फ्रीजमध्ये सरकवा, पण इथे तडजोड नको.

## टप्पा ५: लाटणं, भरणं, मुरड

ओव्हन आताच लावा (टप्पा ६ वाचून या).

मोठी चकती फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. काढल्या काढल्या लाटली तर कडेला चिरते. पोळपाट लहान पडतो, ओटा पुसून त्यावर लाटा. खाली आणि वर मैदा भुरभुरा. लाटणं मधून बाहेरच्या दिशेने, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पारी पाव वळसा फिरवा, म्हणजे ती खाली चिकटली का तेही कळतं. ३ मिलिमीटर जाड, ३० सेंटिमीटर रुंद झाली की पुरे. मधेच पारी मऊ, लिबलिबीत झाली तर हट्ट न करता ताटावर ठेवून दहा मिनिटं फ्रीजमध्ये घाला.

लाटण्यावर गुंडाळून डब्यावर उलगडा. आता कडा उचलून पारी कोपऱ्यात आपल्या वजनाने बसू द्या. बोटांनी ताणून बसवली तर बेक होताना ती तेवढीच मागे येते. कडेला दोन-अडीच सेंटिमीटर पारी बाहेर लोंबू द्या. डबा फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसरी चकती २८ सेंटिमीटर लाटा.

सारण भरताना फोडी आडव्या लावत, हलके दाबत भरा, फटी ठेवू नका. मधे थोडा उंचवटा असू द्या. वर बटरचे बारीक तुकडे. झाकणाची पारी घालून दोन्ही कडा एकत्र खाली, डब्याच्या काठावर दुमडा आणि मग मुरड घाला. करंजी मुरडणाऱ्या हातांना इथे मात्र काहीच शिकवायला नको, फक्त मुरड थोडी जाड ठेवा. बारीक मुरड करपते.

सुरीने झाकणाला मधून बाहेर जाणाऱ्या पाच-सहा चिरा द्या, प्रत्येकी चार-पाच सेंटिमीटर. टोचे पुरत नाहीत, ते बुजतात आणि वाफ कडेतून फुटून बाहेर येते.

भरलेला पाय अर्धा तास फ्रीजमध्ये. नंतर दूध किंवा अंडं ब्रशने लावा, साखर भुरभुरा. अंड्याने रंग गडद येतो, दुधाने फिकट. चवीत फरक नाही.

## टप्पा ६: ओव्हनची तयारी

तळ भाजला जाण्यासाठी खालून जोरदार उष्णता हवी. ओव्हनमध्ये सर्वांत खालच्या जाळीवर एक जड धातूचा ट्रे ठेवा आणि त्याच्यासकट २२० अंशांवर किमान अर्धा तास तापू द्या. ओटीजीचा (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनचा) दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं धरू नका. तबकडीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक सर्रास असतो. जाळीवर ठेवायचा साधा थर्मामीटर आणा, केकसाठीही उपयोगी पडेल. ओटीजीत वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू हवेत.

डबा धातूचा घ्या, शक्यतो गडद रंगाचा. काच आणि चिनी माती हळू तापतात.

सावध: फ्रीजमधला काचेचा डबा तापलेल्या ट्रेवर ठेवू नका, तडकू शकतो. डबा काचेचा असेल तर भरलेला पाय फ्रीजमध्ये ठेवण्याऐवजी दोन्ही पाऱ्या भरण्याआधी चांगल्या गार करा, आणि ट्रे न तापवता पाय सरळ जाळीवर ठेवा.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये सहसा खालचा रॉड नसतो, म्हणून त्यात तळ कच्चा राहण्याची तक्रार सर्वाधिक. धातूचाच डबा, बुटकी जाळी, फक्त कन्व्हेक्शन मोड (कॉम्बिनेशन अजिबात नको). पंख्यामुळे वरची बाजू लवकर रंगते, तेव्हा टप्पा ७ मधली दोन्ही तापमानं २० अंशांनी उतरवा आणि वेळ दहा-पंधरा मिनिटं वाढवा. एवढं करूनही तळ मऊ वाटला तर बाहेर काढलेला धातूचा डबा जाड तव्यावर, मंद आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा. युक्ती देशी आहे, पण कामाची.

## टप्पा ७: बेकिंग, आणि "होईपर्यंत" म्हणजे कधीपर्यंत

पाय तापलेल्या ट्रेवर ठेवा. २२० अंशांवर २० मिनिटं. ओव्हन उघडू नका. मग १९० अंशांवर आणून आणखी ४५ ते ५५ मिनिटं. काठ लवकर रंगला तर त्यावर फॉइलची पट्टी गुंडाळा, सगळं झाकण गडद होऊ लागलं तर वर फॉइल सैल टाका. पण बाहेर काढू नका.

इथेच सगळ्यांची घाई होते. चाळीस मिनिटांनी झाकण सोनेरी दिसतं, घरभर दालचिनीचा वास सुटतो, आणि पाय बाहेर येतो. तोवर सारण नुसतं गरम झालेलं असतं. कॉर्नफ्लोअर पुरतं घट्ट व्हायला सारण मधोमध उकळीजवळ पोचावं लागतं. ते पोचलं नाही तर कितीही थंड केलंत तरी पातळच राहणार, शिवाय जिभेवर पिठूळ लागणार.

तपासा:
- चिरांमधून रस बुडबुडतो आहे का? फक्त कडेच्या चिरांतून नाही, मधल्याही. बुडबुडे सुरुवातीला पाणीदार आणि चपळ असतात. ते जाड आणि संथ झाले की सारण झालं.
- स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधल्या चिरेतून घाला: ९० ते ९५ अंश.
- झाकणाचा रंग फिकट सोनेरी नको, चांगला तांबूस हवा. आपल्याकडे बेकरीचे पदार्थ फिके काढायची सवय आहे. इथे फिका म्हणजे कच्चा.

वेळ संपली पण बुडबुडे नाहीत, तर बुडबुड्यांचं ऐका. दहा मिनिटं जास्त गेल्याने बिघडलेला पाय मी पाहिलेला नाही. दहा मिनिटं आधी काढलेले मात्र दर थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाला) दिसतात.

## टप्पा ८: थांबणं

डबा जाळीवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. ओट्यावर थेट ठेवला तर तळाशी वाफ कोंडते आणि इतक्या कष्टाने भाजलेली पारी ओली होते. वर झाकण किंवा डबा उपडा घालू नका, त्याचंही तेच.

चार तास. गरम असताना सारण वाहतं आणि थंड होता होता धरून येतं. तासाभराने कापून "सारण पातळ झालं" म्हणणाऱ्यांचा पाय बहुतेक वेळा बरोबरच झालेला असतो.

गरम खायचाच असेल तर आधी पूर्ण थंड करा, काप काढा आणि तो काप १७० अंशांवर दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. मायक्रोवेव्ह नको, पारी चामट होते. बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम. सासरी काही जण चेडर चीजचा तुकडा घेतात. नाक मुरडण्याआधी आंबट सफरचंदाबरोबर एकदा खाऊन पाहा.

पहिला दिवस बाहेर, जाळीच्या झाकणाखाली. मुंबईच्या उकाड्यात रात्रीपासून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस राहतो, पारी मऊ पडते, ती वर सांगितल्याप्रमाणे ओव्हनमध्ये पुन्हा कुरकुरीत करता येते.

## बिघडला तर कारण कुठे शोधायचं

तळ ओला: सारण कोमट भरलं, किंवा ट्रे तापवला नाही. सारण गार करून भरलं आणि ट्रेही तापवला असेल तर डब्याकडे पाहा, तो काचेचा असेल.

झाकणाखाली पोकळी: फोडी न शिजवता भरल्या, किंवा सैल भरल्या.

पारी कडक, बिस्किटासारखी: मैदा कपाने मोजला, किंवा पाणी जास्त आणि मळणं जास्त. पारी भुगा होणारी, पापुद्रे नसलेली: बटर पिठात चोळलं गेलं.

सारणाचा लगदा: सफरचंद चुकीचं. याला ओव्हनमध्ये उपाय नाही, टप्पा २ वर परत जा.

कडेतून रस उतू गेला आणि ओव्हनचा तळ करपला: चिरा लहान, किंवा मुरड दाबली गेली नाही. तापलेला ट्रे कडा असलेला घेतलात तर निदान साफसफाई वाचेल.

## आधी करून फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर

थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, चार पाय लागतात, तेव्हा मी ऑक्टोबरात, सफरचंदं ताजी असताना, ते भरून ठेवते. भरलेला, मुरड घातलेला, पण न भाजलेला पाय धातूच्या डब्यात उघडाच फ्रीझरमध्ये ठेवा. दगडासारखा झाला की दोनदा गुंडाळा. दोन महिने चांगला राहतो. चिरा मात्र बेक करतानाच द्या आणि दूधही तेव्हाच लावा.

भाजताना वितळू देऊ नका. वितळला की सारण पाणी सोडतं आणि पारी ते पिते. फ्रीझरमधून सरळ तापलेल्या ट्रेवर ठेवा: २२० अंशांवर २५ मिनिटं, मग १९० वर एक तास ते सव्वा तास. मधल्या चिरेतले जाड, संथ बुडबुडे दिसेपर्यंत बाहेर काढू नका. गोठलेल्या पायचं झाकण तर त्याच्या खूप आधी रंगतं, म्हणून फॉइल हाताशी ठेवा.